ढक्कन मी उघडलं होतं

तुझा बॅनर मी फाडला, सद्या.

वाकोल्याच्या नाक्यावर, डेअरीसमोर, दोन बांबूंना बांधला होता. तुझा आधार कार्डावरचा फोटो. गेलेला डावा डोळा कोणीतरी कॉम्प्युटरवर उघडून दिलेला, भाजलेली कातडी घासून गुळगुळीत केलेली, आणि खाली हातभर अक्षरांत लिहिलेलं: 'कै. सदानंददादा (ढक्कन) यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. तुला जाळून चार दिवस झाले होते. मी भाजीची पिशवी रस्त्यात टाकली आणि बॅनरच्या खालच्या कडेला दोन्ही हातांनी लोंबकळलो. फ्लेक्स सहजासहजी फाटत नाही रे. बांबूच मोडला आणि आपण दोघं डेअरीच्या क्रेटांवर कोसळलो. चौऱ्याहत्तर वर्षांचा मी, तुझ्या छातीवर गुडघा देऊन तो कंस दातांनी तोडत होतो, तेव्हा मंडळाच्या पोरांनी मला कॉलर धरून उचललं.

"ओ काका, पागल झालात काय? मयताचा बॅनर फाडताय?"

"नाव काढा ते."

"अहो, दादाला सगळे तेच बोलायचे. प्रेमानं लिवलंय ना."

"त्याचं नाव नाही ते."

"मग कोणाचं?"

"माझं."

एक जण हसला. मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्यानं ढकललं, माझा ओठ फुटला. तेवढ्यात तुझी वैशाली धावत आली. बापाचा फाटका फोटो आणि त्याच्यावर बसलेला मी, असं तिनं पाहिलं. तरी मला हाताला धरून घरी नेलं, ओठाला कापूस लावला. मी तिला तिथंच सांगितलं, "वैशू, तुझ्या बाबानं ढक्कन उघडलं नव्हतं. मी उघडलं होतं."

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "काका, तुमची माया कळते मला. पण गेलेल्या माणसाची चूक अंगावर घेऊन काय होणार? बाबांनी कधी लाज नाही बाळगली त्याची."

बघ काय करून ठेवलंय मी. खरं सांगितलं तर ती माया ठरते. बावीस वर्षं गंजलेला नट नुसत्या पान्यानं सुटत नाही, त्याला छिन्नी लावून ठोकावं लागतं. म्हणून हे लिहायला घेतलं. आपल्या ग्रामस्थ मंडळाच्या अंकात छापायला देणार आहे. तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, मागे कोण कोण, ते दुसरे लिहितील. मी एवढंच लिहिणार, की तुझं तोंड कोणी भाजलं.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट आधी सांगायला हवी. तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचं ढक्कन उघडायचं नसतं. आत पाणी उकळत असतं आणि वाफ कोंडलेली असते. मेकॅनिक पहिल्या दिवशी हे शिकतो. डॉक्टरनं स्वतःला चुकीचं इंजेक्शन टोचलं तर त्याला लोक जे म्हणतील, तेच गरम ढक्कन उघडणाऱ्या मेकॅनिकला म्हणतात. आणि मुंबईत मूर्खाला ढक्कनच म्हणतात. नाव तयारच होतं, तुझ्या डोक्यावर ठेवायचं तेवढं राहिलं होतं.

आपली ओळखच मारामारीतून झाली. विशीत होतो दोघं, कुर्ल्याच्या गॅरेजात, एकाच पान्यावरून. तू माझा पुढचा दात पाडलास, मी तुझी करंगळी मोडली. दुसऱ्या दिवशी तू तो दात कागदात गुंडाळून आणून दिलास. "घे, तुझो स्पेअर पार्ट." तिथून आपण सुटलो नाही. वाकोल्याला दोघांनी मिळून गॅरेज टाकलं तेव्हाही पहिल्या आठवड्यात तू माझ्या पाठीत पाना घातला होतास, इंजिन कोणी उघडायचं यावरून. शेजारच्या शेडमध्ये इस्माईल डेंटर, चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणारा. तो म्हणायचा, "तुम लोग पहले एक दूसरे का डेंटिंग करा लो, फिर गाडी को हात लगाओ."

तुझ्या हातात विद्या होती. हे मी तुला जिवंतपणी एकदाही म्हटलं नाही. तू तापमानाच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाहीस. तापल्या पोराचं कपाळ बघावं तसा पंजा उलटा करून इंजिन चाचपायचास. रेडिएटरचं पाणी बोटावर घेऊन हुंगायचास आणि सांगायचास, आत तेल मिसळतंय. मी पार्ट बदलायचो. बदलत बदलत गेलं की कधी तरी बिघडलेला पार्ट सापडतोच, एवढीच माझी विद्या. गिऱ्हाइकांना माझी घाई आवडायची. तू हुंगत बसायचास तेव्हा ते घड्याळ बघायचे. पण गाडी परत आली नाही तर ती तू केलेली, आणि परत आली तर ती मी केलेली, हे तुला माहीत होतं, मलाही होतं.

मढच्या पास्कलची गाडी परत आली.

जुनी गाडी, त्याच्या वारलेल्या भावाची. रोज तापली असती तर अर्ध्या दिवसात सापडलं असतं. ती मनात येईल तेव्हा तापायची. मढहून मालाडपर्यंत गारेगार यायची आणि हायवेला वेग घेतला की काटा लालात. कधी वसईला जाऊन आली तरी काही नाही. गॅरेजात तासभर चालू ठेवली तर काटा अर्ध्यावर हलायचा नाही. तू तेव्हा गावाला होतास, आईच्या वर्षश्राद्धाला. त्या दिवसांत मी आतला थर्मोस्टॅट काढून फेकला. थंडीत इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून असतो तो, मुंबईत थंडी आहे कुठं? (या एका मुद्द्यावर मी अजून हरलेलो नाही. तू म्हणायचास, मुंबईतही लागतो. म्हण. भांडण शिल्लक आहे.) मग पंखा डायरेक्ट केला, म्हणजे सतत फिरता ठेवला, रेडिएटर साफ करून आणला, पाणी फिरवणारी वॉटरबॉडी बदलली. पास्कल तिसऱ्यांदा आला तेव्हा ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "मेस्त्री, भाऊ गेला माझा. ही तरी जगव रे."

एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. पहिल्यांदा गाडी आली तेव्हा ती तापत नव्हतीच. रेडिएटरच्या खालचा जाड रबरी पाइप चिरला होता, त्यातून पाणी गळत होतं. मी नवा घातला. जुन्या पाइपाच्या आत तारेची एक स्प्रिंग होती, गंजून लाल झालेली. नव्यात नव्हती. मी म्हटलं, पाइपाला स्प्रिंग कशाला, गादी आहे का? आणि भंगाराच्या डब्यात फेकली. त्यानंतर गाडी तापायला लागली. ही दोन वाक्यं एकाला एक लागून आहेत, हे मला दिसलं नाही.

तू गावाहून आलास तो शुक्रवार होता. दुपारची वेळ, इस्माईल नमाजाला गेलेला, गॅरेजात आपण दोघंच. पास्कल चारला येणार होता. मी तुला सगळं सांगत होतो, काय काय बदललं ते. तू ऐकत ऐकत गाडीकडे न जाता भंगाराच्या डब्याकडे गेलास. वळलास तेव्हा ती स्प्रिंग तुझ्या बोटाला अडकवलेली होती.

"भिक्या, ही खयची?"

"भंगारातली."

"ता माका दिसता. भंगारात खयसून इली?"

"पास्कलच्या खालच्या पाइपातली. गंजली होती, काढून टाकली."

तू हसलास. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. "मेल्या, वॉटरबॉडी पाणी ओढता तेव्हा पाइप चिपाक नको म्हणान ही आत घालतत. इतकी वर्षां मेस्त्री म्हणवतंस आणि..."

मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. नाकावर मारलं. आजवर शंभर वेळा मारलं असेल तुला, पण हे तसं नव्हतं. आधीच्या माराला राग होता, याला लाज होती. हाड मोडल्याचं हाताला कळलं. तू खाली वाकलास, जमिनीवरची टॉमी उचललीस, ती टायर उचकटायची लोखंडी कांब, आणि माझ्या उजव्या गुडघ्यावर घातलीस. मी पडलो. तू माझ्या छातीवर बसलास. तुझ्या नाकातलं रक्त माझ्या तोंडात पडत होतं आणि तू म्हणत होतास, "दाखवतंय तुका. थांब. दाखवतंय."

उठून तू गाडी चालू केलीस. बॉनेटची काठी मोडलेली, म्हणून उजव्या हातानं बॉनेट वर धरलंस आणि डाव्या हातानं अॅक्सिलरेटरची तार ओढलीस. इंजिन किंचाळलं. "खाली बघ." मी लंगडत येऊन पाहिलं. तो जाड रबरी पाइप आत ओढला गेला, बोळक्या म्हाताऱ्याचे गाल बसतात तसा. चपटा. त्यातून थेंब जाणं शक्य नव्हतं. तू तार सोडलीस, पाइप पुन्हा फुगला. ओढलीस, चपटा. म्हणून हायवेला तापत होती आणि गॅरेजात नाही. उभ्या गाडीला एवढी रेस कोण देतो? जे दुखणं मला तीन खेपांत मिळालं नाही, ते तू फुटक्या नाकानं दोन मिनिटांत काढून दाखवलंस.

मी तुझ्या पाया पडायला हवं होतं. मी म्हटलं, "पाइप थोडा दबणारच. काटा बघ, तो काय सांगतो."

तू तार सोडली नाहीस. मला दाखवायचंच होतं तुला. काटा चढला, लालात गेला, बाजूच्या बारीक नळीतून उकळतं पाणी भसाभस जमिनीवर ओतू लागलं. तरी मी मान्य करेना. आणि मग काटा एकदम पडला. लालातून सरळ खाली, गारवर.

"बघ! आला खाली. गेली तुझी स्प्रिंग खड्ड्यात."

"भिक्या, पाणी सपला म्हणान काटो पडलो. शेन्सराक पाणीच लागणा नाय. आतमध्ये नुसती वाफ आसा." तू इंजिन बंद केलंस. बॉनेट धरूनच पुढे वाकलास आणि डाव्या हातानं वरचा पाइप दाबलास. "हात लावन बघ. दगड झालो हा. अर्धो तास ढक्कनाक हात लावू नको."

"काटा गार सांगतोय."

"काटो गेलो मसणात. मी सांगतंय ना."

मी फडकं घेतलं आणि ढक्कनावर टाकलं. ढक्कनाला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यावर थांबलं तर वाफ शिटी मारत नळीतून निघून जाते. मी थांबलो नाही. दाबून एका झटक्यात पुरं फिरवलं. तुझं तोंड वर, वीतभर अंतरावर.

पांढरा खांब उठला. तू ओरडायला तोंड उघडलंस आणि ते आतूनही भाजलं. उजव्या हातात बॉनेट होतं, तो आडवा घालायलासुद्धा तुला वेळ मिळाला नाही. मग तू शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलंस आणि डाव्या गालाची कातडी बाहीबरोबर आली. मी पिंपातलं पाणी तुझ्यावर ओतत राहिलो. रिक्षात तू माझ्या मांडीवर डोकं आपटत होतास. माझा स्वतःचा उजवा तळवा फडक्यासकट भाजला होता, तो मी खिशात कोंबला.

हॉस्पिटलात डॉक्टरनं पेन उघडून विचारलं, "कसं झालं?"

मी म्हटलं, "ह्यानं गरम ढक्कन उघडलं."

"मेकॅनिक ना हा?"

"हो."

तू स्ट्रेचरवरून माझ्याकडे मान वळवलीस. एक डोळा उघडा होता. तोंड सुजून बंद झालं होतं.

पोलिसांच्या भीतीनं बोललो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. खोटं. भीती त्या स्प्रिंगची होती. तुला वॉर्डात टाकून मी गॅरेजात परतलो, स्प्रिंग घासून पाइपात घातली, पाणी भरलं, आणि पास्कलच्या हातात चावी देताना म्हटलं, "सापडलं दुखणं. मी शोधलं." गाडी पुन्हा कधी तापली नाही. पास्कल मला दरवर्षी मढहून सुके बोंबील पाठवायचा. मी ते खाल्ले, सद्या. चवीनं खाल्ले.

इस्माईल तुला बघायला आला तेव्हा बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकून रडला. तुझी पट्टी सुटायला लागल्यावर मात्र त्यालाच राहवलं नाही. "मेस्त्री होके गरम ढक्कन खोला? तू खुद ढक्कन है यार!" तू हसलास, ओठ ताणला गेला, रक्त आलं. तिथून ते नाव गॅरेजात, नाक्यावर, रिक्षा स्टँडवर. वैशालीच्या शाळेत एका मुलीनं तिला ढक्कनची पोरगी म्हटलं आणि वैशाली तिच्या हाताला कडकडून चावली. मुख्याध्यापिकेनं तुला बोलावलं. तू अर्धं तोंड रुमालानं झाकून गेलास आणि माफी मागून आलास.

मग आला दसरा.

दसऱ्याला आपण हत्यारं मांडतो, कुंकू लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. तरुण वाचकांसाठी सांगतो, गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीनं घातलेलं साकडं. वडीलधारा एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. आपल्यात मी मोठा, म्हणून ते नेहमी माझ्या तोंडून. त्या वर्षी गल्लीतले सगळे मेकॅनिक आले होते, तुला बघायला. तू पुढेच उभा होतास, डोळ्यावर पांढरी पट्टी. नारळ हातात घेऊन मी सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज ही हत्यारां तुझ्या पायाकडे ठेवलेली आसत."

"व्हय म्हाराजा."

"ह्या हत्यारान कोणाक लागा नको, कोणाचा रगात सांडा नको."

"व्हय म्हाराजा."

"आमच्या एका लेकरान चुकान गरम ढक्कन उघडल्यान. तेची चूक तुझ्या पदरात घे."

का म्हटलं मी ते? कोणी मागितलं नव्हतं. लोकांपुढे सांगून भागलं नव्हतं, देवापुढे पक्कं करायचं होतं. सगळ्यांचे आवाज उठले आणि त्यात तुझा आवाज सगळ्यांत वर होता, भाजल्या गळ्यातून फाटून आलेला. "व्हय म्हाराजा."

त्यानंतर तू गॅरेज सोडलंस. घाटकोपरला दुसऱ्याच्या हाताखाली लागलास. आठवड्याभरात नाव तिथंही पोचलं. दोन डोळ्यांची पोरं बघतात त्याहून तू एका डोळ्यानं जास्त बघायचास, तरी नवं गिऱ्हाईक तुझं तोंड बघून विचारायचं, "हा तोच ना, ज्यानं...?" आणि दर दसऱ्याला तू वाकोल्याच्या गॅरेजात यायचास. पुढे उभा राहायचास. मी गाऱ्हाणं घालायचो, तू व्हय म्हणायचास. मला वाटायचं तू मला माफ केलंयस.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू मोसंबी घेऊन आलास. गुडघ्यावर टिचकी मारलीस. "टॉमी बरी बसलेली हा. इतक्या वर्षांनी बिल इला तुका."

मी त्या दिवशी विचारलं. "सद्या, तेव्हा व्हय का म्हणालास?"

"गाऱ्हाण्यात नाय खय आसता रे? तू म्हणायचा, आमी व्हय म्हणायचा. नाय म्हणूक जागाच नाय ठेवलेली."

"मग नंतर बोलायचंस. नाक्यावर, लोकांत."

"देवाकडे व्हय आणि नाक्यार नाय? खोटो पडलंय ता पडलंय, आणि एकदा कित्याक पडू?" तू मोसंब्याची साल काढत राहिलास. मग खाली बघत म्हणालास, "माका वाटलेला, पुढच्या दसऱ्याक बदलशीत तू. गाऱ्हाणा तुझ्या तोंडात होता."

म्हणजे तू माफ करून येत नव्हतास. तू ऐकायला येत होतास. दर वर्षी, पुढे उभा राहून, एका वाक्याची वाट बघत. हे कळल्यावरही दोन दसरे गेले. दोन्ही वेळा तू समोर होतास. दोन्ही वेळा मी आरोग्य मागितलं, धंद्यात बरकत मागितली, आणि गप्प बसलो.

इथपर्यंत लिहून तुझ्या तेराव्यानंतर मी वैशालीकडे गेलो आणि वाचून दाखवलं. ती तुझ्या औषधांचे डबे आवरत होती. आधी नुसती ऐकत होती, मग डबे बाजूला ठेवून समोर बसली.

"थांबा. बाबांचा उजवा हात कुठं होता म्हणालात?"

"बॉनेटला."

"आणि तुमचा?"

"ढक्कनावर."

 मग म्हणाली, "शेवटचे आठ महिने मी त्यांना आंघोळ घातली काका. तोंड, गळा, डावा हात, सगळीकडे डाग. उजव्या तळव्याला काही नाही. लहान मुलाच्या हातासारखा. मी रोज चोळायचे तो हात आणि माझ्या डोक्यात कधी आलं नाही, की ज्यानं ढक्कन उघडलं त्याचा हात भाजायला पाहिजे." तिनं माझा उजवा हात ओढला आणि उताणा केला. "हे सायलेन्सरनं झालं म्हणायचात ना?"

"हो."

"सायलेन्सरचा पट्टा उठतो. हे वर्तुळ आहे."

तुझीच पोरगी, सद्या. उलट्या पंजानं ताप बघणाऱ्याची. मला वाटलं, सापडलं तिला, संपलं. पण ती हात सोडेना. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. गालाकडे, कपाळाकडे, दोन्ही डोळ्यांकडे.

"तुम्ही दोघं शेजारी उभे होता. वाफ तुमच्याही तोंडावर यायला हवी होती. तुम्हाला काहीच कसं नाही झालं?"

वर मी सगळं लिहिलं आणि एक गोष्ट लिहिली नव्हती.

"मी तोंड फिरवलं होतं."

"वाफ आल्यावर?"

"आधी."

"किती आधी?"

"ढक्कन फिरवायच्या आधी."

कळलं तिला. तुलाही तेव्हाच कळलं असणार, वीतभरावरून बघत होतास तू. ज्याला वाटतं इंजिन गार आहे तो मान वळवत नाही. काट्यावर माझा विश्वास नव्हताच. विश्वास तुझ्यावर होता. तू बरोबर सांगतोयस हे मला पक्कं माहीत होतं, आणि तू बरोबर आहेस म्हणूनच मी ते ढक्कन फिरवलं.

वैशालीनं मला मारलं. उघड्या हातानं, दोनदा, सगळं वजन घालून, तुझ्यासारखं. चष्मा कोपऱ्यात उडाला.  "ह्या हातानं खांदा दिलात त्यांना?" एवढं विचारलं आणि माझा हात असा फेकला, जसा विस्तव फेकावा. चष्मा मीच शोधला. दाराशी पोचलो तेव्हा मागून म्हणाली, "इस्माईलचाचांना सांगितलंत?"

"नाही."

"आधी तिकडे जा. नाव त्यांनी ठेवलं. छापून आल्यावर कळायला नको त्यांना."

इस्माईल अजून त्याच शेडमध्ये आहे. एक कान हातोडीच्या आवाजानं गेला. स्टुलावर बसून तो एक दरवाजा ठोकत होता, अपघातात पार चेपलेला, आणि त्यानं तो जवळजवळ आरशासारखा सपाट करत आणला होता. मी त्याच्या चांगल्या कानाशी बसून सगळं सांगितलं. स्प्रिंग, काटा, ढक्कन, वळवलेली मान. तो दाढीतून हात फिरवत बसला.

मग म्हणाला, "बावीस साल मैंने उसको उस नाम से बुलाया."

"तुला माहीत नव्हतं."

"और वो हर बार पलट के आया, भिकाजी. नाक्यावरून आवाज दिला, ए ढक्कन, तरी आला. एक बार तो नहीं आता! एक बार तो मेरे को गाली देता!"

त्यानं हातोडी उचलली. मी डोकं खाली घातलं, हात वर केले नाहीत. हातोडी माझ्यावर आली नाही. त्यानं ती दरवाजावर घातली, बरोबर मधोमध. पुन्हा घातली. इतक्या दिवसांचं काम तो पुढे-मागे न बघता चेचत सुटला. पत्रा आत गेला, रंगाचे तुकडे उडाले, माझ्या गालाला एक लागून रक्त आलं. म्हाताऱ्या हातात एवढा जोर कुठून येत होता देव जाणे. आवाज नाक्यापर्यंत गेला. समोरचा टायरवाला आला, रिक्षावाले आले, ज्याच्या कानाखाली मी वाजवली होती तो मंडळाचा पोरगाही आला.

"चाचा, काय झालं? ओ चाचा!"

इस्माईल थांबला नाही. डाव्या हातानं माझ्याकडे बोट केलं. "इसको पूछो."

सगळे माझ्याकडे वळले, सद्या. मी स्टुलाला धरून उभा राहिलो आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.